तिजोरी कोडमध्ये, ऐवज बाहेर

आमचं सॉफ्टवेअर लातूरच्या बाजारातली आडत दुकानं वापरतात, काही डाळ मिलवालेही. माल उतरला, माप झालं, सौदा झाला की हमाली-तोलाई वजा जाऊन पट्टी निघते, शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज जातो आणि बँकेच्या एपीआयमार्फत (दोन सॉफ्टवेअरमधला दुवा) पैसे त्याच्या खात्यात पडतात. साखळी तशी सरळ. पण तिच्या प्रत्येक कडीला काहीतरी गुपित लागतं: डेटाबेसचा पासवर्ड, एसएमएसवाल्याचा टोकन, ई-वे बिलाचं लॉगिन, बँकेचं क्लायंट सिक्रेट, बँकेला जाणाऱ्या विनंतीवर सही करायची खासगी चावी, बॅकअपचा पासफ्रेज. हे सगळं वर्षानुवर्षं सर्व्हरवरच्या एका डॉट-एन्व्ह नावाच्या साध्या मजकूर फाइलमध्ये होतं. त्या फाइलच्या नकला आजी-माजी सगळ्या डेव्हलपरांच्या लॅपटॉपवर, आणि बँकेचं सिक्रेट ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकच्या फोटोखाली.

चालत होतं म्हणून कुणी हात लावत नव्हतं. मग बँकेबरोबरच्या कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी तिच्याकडून एक प्रश्नावली आली. गुपितं कुठे साठवता, कोण वाचू शकतं, शेवटची कधी बदलली, वाचल्याची नोंद राहते का. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे सीएंनी मालकांच्या कानावर आधीच घातलं होतं. मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. त्यांनी तो कागद माझ्या टेबलावर ठेवला. "ताई, ह्यात काय लिहायचं ते तुम्हीच लिहा. पण खोटं लिहू नका." खरं लिहिण्यासारखं काही नव्हतं, म्हणून आधी काम करावं लागलं.

सर्व्हर एडब्ल्यूएसच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडच्या, मुंबई विभागात (तिथल्या डेटा सेंटरांत) होते, त्यामुळे केएमएस (चाव्या सांभाळणारी) आणि सिक्रेट्स मॅनेजर (गुपितं सांभाळणारी) या तिथल्याच दोन सेवा वापरायच्या हे उघड होतं. सगळं टेराफॉर्ममधून, म्हणजे क्लाउडची रचना कोडमध्ये लिहून ती उभी करणाऱ्या साधनातून, करायचं हा हट्ट माझा. कन्सोलवर, म्हणजे एडब्ल्यूएसच्या वेबपानावर, टिचक्या मारून केलेल्या कामाची आठवण करणाऱ्यालाच राहते, तीही पुढच्या हंगामापर्यंत. कोडमध्ये लिहिलं की कुणाला काय परवानगी दिली ते चार लोकांना वाचता येतं, कुणी दिली तेही दिसतं, आणि चाचणीचं एडब्ल्यूएस खातं हुबेहूब तसंच उभं करता येतं.

कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी वही घेतली. कुठलं गुपित, कोण वापरतं, बदललं तर काय काय बंद पडेल, बदलायचं कुणाच्या हातात. हा भाग कंटाळवाणा आहे आणि निम्मं काम यातच आहे. यादी करताना कळलं की एसएमएसचा टोकन दोन वेगवेगळ्या कामांना एकच वापरला जात होता, आणि ई-वे बिलाचं लॉगिन एका मिलच्या मुनीमजींच्या नावावर होतं, जे केव्हाच निवृत्त झाले होते. कुठलीही सेवा विकत घेतली तरी असल्या गोष्टी आपोआप सुटत नाहीत.

यादीतल्या वस्तूंचे मग दोन ढीग केले, कारण दोन्ही सेवांचं काम वेगळं आहे. सिक्रेट्स मॅनेजरमध्ये ठेवलेली गोष्ट वाचायची असते: पासवर्ड, टोकन, सर्टिफिकेट. ॲप मागतं, ते देतं. केएमएसमधली चावी मात्र तिथून उघडी कधीच बाहेर येत नाही. मजकूर तिच्याकडे पाठवायचा आणि कुलूपबंद करून परत घ्यायचा. तोही ४०९६ बाइटपर्यंतच. म्हणून मोठ्या डेटासाठी केएमएसकडून एक डेटा-चावी मागून घ्यायची, तिने आपल्याकडेच डेटा कूटबद्ध करायचा, आणि त्या डेटा-चावीची कुलूपबंद प्रत डेटाच्या शेजारी ठेवायची. उघडायची वेळ आली की ती प्रत केएमएसला दाखवायची.

शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक आम्ही असे ठेवले. दुकानागणिक वेगळी डेटा-चावी, आणि कूटबद्ध करताना सोबत संदर्भ म्हणून दुकानाचा कोड. उघडताना तोच संदर्भ दिला नाही तर केएमएस सरळ नकार देतं, म्हणजे एका आडत्याच्या स्क्रीनवर दुसऱ्याचा शेतकरी चुकूनही उघडत नाही. हा संदर्भ क्लाउडट्रेलच्या, म्हणजे खात्यात कुणी काय केलं ते टिपणाऱ्या सेवेच्या, नोंदीत जसाच्या तसा, उघडा दिसतो. त्यामुळे त्यात शेतकऱ्याचं नाव किंवा मोबाइल नंबर घालायचा मोह टाळायचा. खाते क्रमांक शोधण्यासाठी शेवटचे ४ अंक वेगळ्या रकान्यात ठेवले. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक वाढते आणि संध्याकाळी सगळ्या दुकानांच्या पट्ट्या एकदमच निघतात. तेव्हा दर पट्टीला केएमएसकडे धावायला नको म्हणून डेटा-चावी थोडा वेळ मेमरीत धरून ठेवतो.

चावी बनवताना एक निर्णय आधीच घ्यावा लागतो, नंतर बदलता येत नाही: ती एकाच विभागापुरती की अनेक विभागांत चालणारी. एका विभागाची म्हणून बनवलेल्या चावीची पुढे अनेक विभागांची होत नाही. टेराफॉर्ममध्ये ती एक ओळ बदलली तर तो जुनी चावी काढून नवी घालायचा बेत मांडतो, आणि तो बेत न वाचता कुणी होकार दिला तर जुन्या डेटाचं काय होईल ते सांगायला नको. मुंबई विभाग बंद पडला तर दुसरं कुठे, याचं उत्तर आम्हाला सोपं होतं. हैदराबादचा विभाग नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालाय. लातूरकराला हैदराबाद तसंही मुंबईपेक्षा जवळ, दवाखान्यापासून लग्नाच्या बस्त्यापर्यंत. अण्णांना हा एकच तांत्रिक निर्णय समजावून सांगावा लागला नाही. हैदराबादचा विभाग खात्यात आधी चालू करून घ्यावा लागतो, मुंबईसारखा तो आपोआप मिळत नाही. मग टेराफॉर्ममध्ये दुसरा प्रोव्हायडर (कुठल्या विभागात काम करायचं ते सांगणारी जोडणी), त्याला टोपणनाव, आणि मूळ चावीची प्रतिकृती तिकडे. महिन्याला मूळ चावीचा १ डॉलर, प्रतिकृतीचा १ डॉलर.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले तो मुद्दा.

टेराफॉर्म आपण काय काय बनवलं त्याची नोंद स्टेट फाइलमध्ये ठेवतो. एखाद्या सिक्रेटची किंमत, म्हणजे आतला खरा पासवर्ड किंवा टोकन, कोडमधून दिली, मग ती व्हेरिएबलमधून का असेना, तर ती स्टेट फाइलमध्ये साध्या मजकुरात उतरते. व्हेरिएबलला 'सेन्सिटिव्ह' म्हटलं की स्क्रीनवर ती झाकली जाते, एवढंच. फाइल उघडली की समोर. टेराफॉर्मच्याच रँडम पासवर्डच्या रिसोर्सने बनवलेला पासवर्डही तिथेच पडतो. म्हणजे पासवर्ड डॉट-एन्व्हमधून काढले, भारी तिजोरीत ठेवले आणि त्यांची एक नक्कल स्टेटच्या जेसन फाइलमध्ये शेजारीच टांगून ठेवली, असा प्रकार. इंटरनेटवर कॉपी करायला मिळणारी बरीचशी उदाहरणं नेमकी अशीच आहेत, आणि चालतातही झकास. त्यामुळेच ती धोक्याची.

यावर लोक स्टेट फाइल कूटबद्ध करायचा उपाय सांगतात. स्टेट जिथे ठेवतो ती एस३ बकेट (एडब्ल्यूएसमधला फाइलींचा साठा) केएमएसच्या चावीने कुलूपबंद करायची, ती आम्हीही केली. टेराफॉर्मचा परवाना ऑगस्ट २०२३ मध्ये बदलल्यावर त्याच्याच जुन्या कोडवरून जो ओपनटोफू निघाला, त्यात १.७ आवृत्तीपासून स्टेटचं कूटबद्धीकरण आतच आहे. तोही पाहिला. चांगला आहे. पण ज्याला टेराफॉर्म चालवायचाय त्याला स्टेट वाचावीच लागते, म्हणजे उद्या नवा आलेला पोरगा नुसता प्लॅन (काय काय बदलेल त्याचा बेत) काढायला बसला तरी बँकेचं सिक्रेट त्याच्या आवाक्यात. माझं मत यावरून पक्कं झालं: कोडने तिजोरी बांधावी, ऐवज कोडच्या हातात कधीच देऊ नये.

प्रत्यक्षात ते तीन तऱ्हांनी केलं. डेटाबेसच्या मुख्य वापरकर्त्याचा पासवर्ड आरडीएसवरच (एडब्ल्यूएसची डेटाबेस सेवा) सोपवला. तशी एक ओळ आहे, ती लिहिली की आरडीएस स्वतः पासवर्ड बनवतं, सिक्रेट्स मॅनेजरमध्ये ठेवतं आणि ठरल्या काळाने बदलतं. आम्हा कुणाला तो बघायचीही गरज पडली नाही. बँक, एसएमएस, ई-वे बिल यांच्यासाठी टेराफॉर्मने फक्त रिकामी सिक्रेट्स बनवली: नाव, चावी, परवानग्या, हैदराबादची प्रतिकृती. आत किंमत भरायची ती माणसाने, कमांड लाइनवरून, आणि ती कमांड शेलच्या इतिहासात राहणार नाही अशा बेताने. तिसरी तऱ्हा टेराफॉर्म १.११ मध्ये आलेल्या राइट-ओन्ली आर्ग्युमेंटची. किंमत पुढे पाठवली जाते, स्टेटमध्ये लिहिली जात नाही. बदल कळावा म्हणून सोबत आवृत्तीचा आकडा द्यायचा, आकडा वाढवला की नवी किंमत जाते. चाचणीच्या खात्यात आम्ही ही वापरतो, कारण तिथे कुणी हाताने भरत बसत नाही.

हे किती बरं केलं ते एका दुपारी लाइटीने दाखवलं. उन्हाळा, कडक ऊन, आणि टेराफॉर्म अप्लाय, म्हणजे प्लॅन प्रत्यक्षात आणण्याची कमांड, चालू असताना अख्ख्या गल्लीची लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण इन्व्हर्टरने राउटरला काही दाद दिली नाही. टेराफॉर्मला बनवलेल्या वस्तूंची नोंद एस३ ला पोहोचवता येईना, म्हणून त्याने शिरस्त्याप्रमाणे ती लॅपटॉपवरच 'एरर्ड' नावाच्या स्टेट फाइलमध्ये लिहून ठेवली, आणि बकेटमधलं कुलूप तसंच अडकून राहिलं. उदगीरचा आमचा ज्युनिअर माझ्या खांद्यावरून बघत होता. "मॅडम, ही फाइल कामून इथं आली? ह्यात पासवर्ड असतील ना?" म्हटलं, उघडून बघ. त्याने ती उघडली आणि वरपासून खालपर्यंत शोधली. सिक्रेटांची नावं, त्यांचे लांबलचक पत्ते, चावीचे क्रमांक. किंमत एकाही जागी नाही. लाइट आल्यावर दुसरं कुणी काम करत नाही याची खातरजमा करून फोर्स-अनलॉकने कुलूप काढलं, स्टेट पुश करून ती फाइल वर चढवली, आणि पुन्हा प्लॅन घेतला तर बदल शून्य. तीच फाइल नेहमीच्या पद्धतीने भरली असती तर बँकेचं सिक्रेट त्या लॅपटॉपवर डाउनलोडच्या फोल्डरशेजारी पडून राहिलं असतं, आणि ते तिथे आहे याची आठवण कुणाला राहिली नसती.

कुलूप म्हणजे, दोघांनी एकाच वेळी स्टेट बदलू नये म्हणून असतं ते. पूर्वी यासाठी डायनॅमोडीबी या दुसऱ्या डेटाबेसमध्ये टेबल वेगळं बनवावं लागायचं. टेराफॉर्म १.१० पासून एस३ मध्येच कुलपाची फाइल ठेवता येते, एक काम कमी. स्टेटची बकेट आणि तिची चावी कुठल्या स्टेटमध्ये नोंदवायची हा कोंबडी आधी की अंडं आधीचा प्रश्न मात्र राहतोच. आम्ही तेवढ्यापुरता छोटा कोड वेगळा लिहिला, लॅपटॉपवरची स्टेट घेऊन चालवला आणि बकेट तयार झाल्यावर स्टेट तिच्यातच हलवली.

आता चावीच्या पॉलिसीकडे, म्हणजे तिने कोण काय करू शकतं याच्या नियमांकडे. एडब्ल्यूएसमध्ये इतर बहुतेक ठिकाणी आयएएममध्ये (परवानग्यांची सेवा) परवानगी दिली की झालं. केएमएसच्या चावीची स्वतःची पॉलिसी असते आणि शेवटचा शब्द तिचा. आपण काही लिहिलं नाही तर ती सगळा अधिकार खात्याकडे देते, म्हणजे आयएएममध्ये ज्याच्याकडे सर्वाधिकार तो चावीनेही काहीही उघडू शकतो. आम्हाला ते नको होतं. म्हणून पॉलिसीचे भाग पाडले: खात्याकडे फक्त व्यवस्थापन, म्हणजे पॉलिसी बदलणं, वर्णन बघणं, आपोआप फेरबदल चालू करणं. उघडण्याचा आणि डेटा-चावी मागण्याचा हक्क फक्त ॲपच्या रोलला, म्हणजे एडब्ल्यूएसमध्ये त्याला दिलेल्या ओळखीला. सिक्रेट या चावीने बंद असल्यामुळे ते वाचायला दोन परवानग्या लागतात, एक सिक्रेटची आणि एक चावीची. पहिली असून दुसरी नसेल तर नकारच मिळतो.

एका मसुद्याला केएमएसने वेगळ्याच कारणाने हरकत घेतली होती. संदेशाचा आशय असा, की या नव्या पॉलिसीमुळे पुढे तुम्हालाच ती बदलता येणार नाही. बदल आमची पाइपलाइन (कोड आपोआप लागू करणारी साखळी) करत होती, आणि त्या मसुद्यात पाइपलाइनच्या रोलला पॉलिसी बदलायचा हक्कच ठेवला नव्हता. ही तपासणी बंद करायचाही पर्याय आहे. तो वापरू नये, कारण जिची पॉलिसी कुणालाच बदलता येत नाही अशा चावीसाठी एडब्ल्यूएसच्या सपोर्टकडे अर्ज-विनंत्या कराव्या लागतात. शेवटी पाइपलाइनला हक्क दिला, पण कोडच्या मुख्य ब्रँचवरून (शाखेवरून) आणि दोघांच्या मंजुरीनंतरच. आता जाणकार म्हणेल, ज्याला पॉलिसी बदलता येते तो स्वतःला उघडायचा हक्कही देऊ शकेल की. देऊ शकेल. पण ते कोडमध्ये दिसेल, मंजुरीत अडकेल आणि क्लाउडट्रेलमध्ये उमटेल. अंधारात होणार नाही.

खरी अडचण आली ती अण्णांपाशी. खात्याचे मालक ते, बिल त्यांच्या कार्डावर जातं. मी त्यांना नवी रचना दाखवली आणि त्यांच्या लॉगिनने बँकेचं सिक्रेट उघडून दाखवायला सांगितलं. नकार आला. अण्णांनी चष्मा काढला.

"दुकान माझं, आन् मलाच दिसना?"

"अण्णा, तुम्हाला बघायचंय काय त्यात?"

"बघायचं काई नाही. पण दिसायला तर पायजे की."

यावर बराच वेळ बोलणं झालं. मी म्हणत होते, तुमचा पासवर्ड उद्या कुणी फोन करून, ओटीपी मागून काढून घेतला, तर आज चोराच्या हाती तुमचा ईमेल लागेल आणि बिल दिसेल, शेतकऱ्यांचे खाते क्रमांक नाही. ते म्हणत होते, तू उद्या पुण्याला गेलीस आणि इथं बँक बंद पडली तर मी कुणाला विचारू? त्यांचं म्हणणंही बरोबरच होतं. माझ्या रचनेत त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, ते घालावं लागलं. आणीबाणीचा एक वेगळा रोल केला. अण्णांच्या लॉगिनने, फोनवरच्या दुसऱ्या पडताळणीनंतरच तो घेता येतो, एका तासात आपोआप संपतो, आणि घेतला रे घेतला की तिघांना ईमेल जातो. तो त्यांच्याकडून माझ्यासमोर चालवून घेतला. सिक्रेट उघडलं, ईमेल आला, अण्णांनी माझा फोन हातात घेऊन तो वाचला आणि म्हणाले, "बरं हाय. आता परत नाही बघत." कागदावर लिहिलेली पायरी आणि मालकाने स्वतः चालवून पाहिलेली पायरी यात फार फरक पडतो. दुसऱ्यांदा कधी विचारलं नाही त्यांनी.

नष्ट करण्याच्या बाबतीत या दोन्ही सेवा मुद्दाम सावकाश चालतात. केएमएसची चावी ताबडतोब काढता येतच नाही. ७ ते ३० दिवस थांबावं लागतं आणि काही सांगितलं नाही तर ३०. सिक्रेटचंही तसंच, फक्त तिथे थांबायचं नाही असं सांगायची सोय आहे. चाचणीचं खातं पाडून पुन्हा उभं करताना हे हमखास आडवं येतं: नाव तेच, पण जुनं सिक्रेट अजून जायच्या वाटेवर, म्हणून नवं बनत नाही. चाचणीत सिक्रेटचे थांबायचे दिवस शून्य केले. खऱ्या खात्यात ३०, आणि ते कमी करायची चर्चाही नको. चावीला टेराफॉर्मचं 'प्रिव्हेंट डिस्ट्रॉय' लावलं, पण त्याच्यावर फार विसंबू नका. तो अख्खा ब्लॉकच कुणी कोडमधून उडवला तर ती ओळही सोबत उडते आणि अडवणारं कुणी उरत नाही. म्हणून चावी नष्ट करायची विनंती खऱ्या खात्यात वरच्या स्तरावरूनच नाकारली जाईल असा नियम घातला. चावी गेली की तिने बंद केलेला डेटा कुणालाच, एडब्ल्यूएसलाही, परत मिळवता येत नाही.

दर वर्षी चावी आपोआप फिरवायची सोय चालू केली. त्यात जुना डेटा पुन्हा कूटबद्ध होत नाही. आतलं साहित्य बदलतं, जुनं साहित्य जुन्या डेटासाठी जपून ठेवलं जातं, आपल्याला काही करावं लागत नाही. सिक्रेटांचं तसं नसतं. एसएमएसचा टोकन बदलायचा तर कंपनीच्या पोर्टलवर जाऊन नवा घ्यायचा आणि जुना बंद करायचा. आम्ही ही कामं वैशाखात ठेवलीत. सोयाबीनच्या दिवसांत कुणी पासवर्डला हात लावायचा नाही, हा नियम अण्णांचा, आणि तो मला एकदम मान्य.

एक प्रश्न पुष्कळ जण विचारतात: सगळी गुपितं तिजोरीत, मग तिजोरी उघडायचं गुपित कुठे? सर्व्हरला रोल दिलेला असतो, त्याला थोड्या वेळापुरती ओळख आपोआप मिळते, फाइलमध्ये काही ठेवावं लागत नाही. गिटहबवरून (आमचा कोड तिथे असतो) चालणाऱ्या पाइपलाइनलाही ओआयडीसी या ओळख पटवण्याच्या पद्धतीने तसंच करता येतं. गिटहब म्हणतं, ही धाव अमुक रेपॉझिटरीच्या (कोडच्या साठ्याच्या) अमुक ब्रँचवरची. एडब्ल्यूएस ते तपासून तात्पुरती परवानगी देतं. यात रेपॉझिटरी आणि ब्रँचची अट नेमकी लिहायला हवी. ती ढिली सोडली तर गिटहबवरची कुठलीही रेपॉझिटरी आपल्या दारात उभी राहू शकते. एवढं झाल्यावर आमच्या खात्यातल्या कायमच्या ॲक्सेस चाव्या, म्हणजे प्रोग्रॅमसाठीची कायमची लॉगिनं, सगळ्या काढून टाकल्या. त्या पानावरची यादी रिकामी बघून मला जेवढं बरं वाटलं, तेवढं नवी रचना चालू झाल्यावरही वाटलं नव्हतं.

खर्चाची अण्णांना धास्ती होती. सिक्रेटमागे महिन्याला ४० सेंट, शिवाय १०,००० विनंत्यांना ५ सेंट. केएमएसच्या पहिल्या २०,००० विनंत्या महिन्याला फुकट, पुढे १०,००० ला ३ सेंट. गुपित नसलेल्या सेटिंग्ज, म्हणजे दुकानाचं नाव, छपाईचा नमुना, वेळा, या पॅरामीटर स्टोअर नावाच्या एडब्ल्यूएसच्याच सेवेत टाकल्या. तिथे ४ केबीपर्यंतची साधी नोंद फुकट असते. आकडा ऐकून अण्णा म्हणाले, "चहाची उधारी ह्याहून जास्त हाय."

मग जुने पासवर्ड बंद करायचा दिवस. आधी काही आठवडे दोन्ही चालू ठेवले होते, आणि डेटाबेसच्या नोंदीत जुन्या वापरकर्त्याने कोण येतंय ते बघत होतो. एक पत्ता काही केल्या ओळखीचा निघेना. रोज सकाळी दुकानं उघडायच्या सुमारास यायचा, तीन-चार टेबलं वाचायचा, जायचा. सर्व्हर आमचा नाही, पाइपलाइन नाही, कुणाच्या घरचंही नाही. शेवटी ज्युनिअरने फोनाफोनी सुरू केली तेव्हा कळलं: एमआयडीसीतल्या दुसऱ्याच एका डाळ मिलच्या मुनीमजींची एक्सेल फाइल. फार पूर्वी कुणीतरी त्यांना डेटाबेस थेट जोडून दिला होता, त्याच जुन्या वापरकर्त्याच्या पासवर्डने. आमच्या वहीत त्यांचा पत्ताच नव्हता. फाइल उघडली की कालचे तुरीचे भाव आणि बाकी येणं त्यांच्यासमोर हजर. वाचायचीच नाही तर टेबल पुसून टाकायचीही परवानगी त्या एक्सेलला होती.

मुनीमजी भले माणूस, पण ती फाइल सोडायला तयार नव्हते. त्यांच्या सगळ्या हिशोबाचा पाया तीच. एक्सेलला सिक्रेट्स मॅनेजरमधून पासवर्ड वाचायला लावणं हा खटाटोप त्यांच्या संगणकावर टिकला नसता. वाचण्यापुरता वेगळा वापरकर्ता देऊन बघावा असंही वाटलं, पण मग डेटाबेसचं दार बाहेरच्या जगाला उघडं ठेवावं लागलं असतं, आणि ते मला काही केल्या नको होतं. आता रोज सकाळी त्यांच्या मिलपुरते आकडे एका फाइलमध्ये तयार होतात आणि ईमेलने जातात, त्याच रकान्यांत, त्याच क्रमाने, म्हणजे त्यांची सूत्रं बिघडत नाहीत. दुपारच्या सौद्यानंतर ते फोन करतात, "मॅडम, सकाळचे भाव शिळे झाले, ताजे पाठवा." ज्युनिअर पाठवतो. दुपारची फाइलही आपोआप जावी अशी सोय करायचं काम त्याच्याच यादीत आहे.